बुधवारचा पहिला कप

"माझ्या घरात कोणीतरी मला विष देतंय," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून एक काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटलीच्या तळाशी चार बोटं काळी कॉफी होती.

तपासणीसबाईंनी बाटली उजेडात धरली. वजनमापं तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाई खासगी तपास करू लागल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान वही उघडून बसले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शुद्धलेखनाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बाकी बहुतेक सगळं सुटत असे.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"तीन आठवडे झाले. बुधवारी आणि शनिवारी सकाळीच कॉफी आंबट लागते आणि थोड्या वेळानं छातीत आग पडते. इतर दिवशी काही नाही. ही कालची, बुधवारची."

"कॉफी करतं कोण?"

"मीच. साडेसहाला. पहिला कप माझा, बिनदुधाचा, रिकाम्या पोटी. मग मुलगा आणि सून दूध घालून घेतात. त्यांना काही होत नाही. बिया त्याच, पाणी तेच." हेडमास्तरांचा आवाज जरा हळवा झाला. "कॉफीची मशीन माझ्या पत्नीची. ती जाऊन चौदा महिने झाले. माझ्याशिवाय कोणी तिला हात लावायचा नाही, असं मी घरात बजावून ठेवलंय. फार चांगली वस्तू आहे हो. हिवाळ्यात तिच्यावर एक लाल दिवा लागला होता, कॉफी थेंब थेंब पडायची. आता दिवा आपोआप विझला आणि धारही पूर्वीसारखी लागते."

"घरात आणखी कोण?"

"वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ. घड्याळं दुरुस्त करतो. पत्नीच्या शेवटच्या दिवशी तो दवाखान्यात उशिरा आला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही."

"तुमचा संशय कोणावर?"

"सून औषधांच्या दुकानात कामाला आहे. काल मी तिला तोंडावर विचारलं. तेव्हापासून तिनं घास घेतलेला नाही. उद्या माहेरी जाते म्हणते."

बाई उठल्या. "मग आजच आलं पाहिजे."

हेडमास्तरांचं स्वयंपाकघर लहान, पण नीटनेटकं होतं. बाईंनी आधी पाणी उकळायची किटली उघडली. आत पांढरा, खरखरीत थर चढला होता. मग त्यांनी मशीनची पाण्याची टाकी काढून खिडकीशी धरली. ती आरशासारखी स्वच्छ होती.

"ही टाकी तुम्ही घासता?"

"छे. मशीन वरून फडक्यानं पुसतो. आत नुसतं पाणी असतं, त्यात घासायचं काय?"

यजमानांनी वहीत लिहिलं: किटली घाण, टाकी स्वच्छ. मग 'किटली'तली पहिली वेलांटी ऱ्हस्व असल्याची खात्री करून घेतली.

सून बोलायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "मी बाबांच्या दुखण्यात रात्र रात्र जागले आहे," ती म्हणाली. "आणि मी त्यांना विष देईन?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तू कुठे असतेस?"

"दुकानात. आठपर्यंत."

"पहिला कप तू कधी घेतलायस?"

ती आठवू लागली. "एकदाच. दोन शनिवारांपूर्वी. मला लवकर निघायचं होतं म्हणून बाबांनी आपला कप मला दिला. मी दूध घातलं आणि ते फाटलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून गुपचूप ओतून टाकलं. गंमत म्हणजे त्याच पातेल्यातलं दूध दुसऱ्या कपात घातलं तर ते नीट राहिलं."

मुलगा वैतागलेला होता. "बाबांना केव्हापासून सांगतोय, ही जुनी मशीन टाका, नवी घेऊ. ऐकतच नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी ना? त्यांना बुद्धिबळाच्या मंडळात सोडतो, मग पोहायला जातो आणि आठला त्यांना घेऊन येतो."

मग बाई आणि यजमान वरच्या मजल्यावर गेले. धाकटे भाऊ डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चौदा महिने मी खालच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलेलं नाही," ते म्हणाले.

"मशीनचा आवाज वर येतो?"

"येतो ना. मध्यंतरी कोणी गळा आवळल्यासारखी धापा टाकायची. आता बरी आहे. तो लाल दिवाही गेला."

"बरं," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

खाली येताना यजमान कुजबुजले, "मुलगाच. बापाचा मशीनवरचा जीव उडावा म्हणून काहीतरी घालतोय."

"अहो, तो आणि बाबा मंगळवारी एकदमच घराबाहेर पडतात आणि एकदमच परत येतात. जरा दम धरा."

बाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. धाकटे भाऊही आले, पण दारातच उभे राहिले. हेडमास्तरांनी तिकडे पाहिलं नाही.

बाईंनी बाटलीतली कॉफी गरम केली. शेजारी आजच्या सकाळची उरलेली कॉफीही गरम करून ठेवली. दोन्हींत सारखंच दूध ओतलं. आजच्या कपात दूध मिसळून गेलं. बुधवारच्या कपात ते फाटून गुठळ्या झाल्या.

"हे विष नाही," बाई म्हणाल्या. "आंबट आहे. लिंबूसत्त्व."

सुनेनं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"तुमच्या पाण्यात क्षार फार आहेत. किटलीत बघा, पांढरा थर. तोच थर मशीनच्या आत नळीत आणि पाणी तापवणाऱ्या भागात चढतो. मग धार बारीक होते, पाणी पुरेसं तापत नाही आणि मशीन लाल दिवा लावून ओरडते. दिवा आपोआप विझत नाही, हेडमास्तर. कोणीतरी पाण्यात लिंबूसत्त्व घालून ते मशीनमधून फिरवलं आणि थर विरघळवला. एवढा जुना थर एका दमात निघत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा, तुम्ही बुद्धिबळाला गेलात की. पण त्यानंतर साधं पाणी पुरेसं फिरवलं नाही. आत राहिलेला आंबटपणा दुसऱ्या दिवशी पहिल्या कपात उतरायचा. पुढच्या कपांपर्यंत मशीन धुऊन निघायची. तुम्ही रिकाम्या पोटी बिनदुधाची पिता. मग छातीत जळजळ होईल नाहीतर काय?"

"पण कोणी केलं?" मुलानं विचारलं.

"त्या वेळी घरात एकच माणूस असतो. मशीनचा आवाज वर ऐकू येतो, हे खरं. पण दिवा ऐकू येत नाही. तो लागला हिवाळ्यात, वहिनी गेल्यानंतर. चौदा महिने जो या खोलीत आला नाही, त्याला दिवा लागला होता आणि विझला, हे कसं कळलं?"

धाकटे भाऊ मग बाईंकडे वळून बोलू लागले.

"वहिनी होती तेव्हा दर दोन महिन्यांनी मीच करायचो. तिला ते जमायचं नाही. बिया दळायच्या भागातलं तेलकट पीठ ब्रशनं काढायचं, रबराची चकती बदलायची, मग हे पाणी फिरवायचं. दादाला पत्ता नव्हता. हिवाळ्यापासून मशीनची धाप वर ऐकू यायची आणि मला काम सुचायचं नाही. महिन्याभरात बंदच पडली असती. विचारायचं कसं? बोलणंच नाही. पूर्वी थर पातळ असायचा, एक टाकी साधं पाणी पुरायचं. या वेळी सत्त्व जास्त घातलं आणि आठच्या आत आवरायची घाई. चुकलंच."

"तीन टाक्या फिरवायला हव्या होत्या," बाई म्हणाल्या. "आणि शेवटचं पाणी चाखून बघायला हवं होतं."

हेडमास्तर खुर्चीत बसले. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल पडले होते. थोड्या वेळानं ते उठून सुनेपाशी गेले.

"मुली, माझं चुकलं. असं तोंडून निघायला नको होतं."

"नको होतंच, बाबा," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं पोळ्यांचा डबा उघडला आणि उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली.

मुलानं मशीनमधून तीन टाक्या साधं पाणी फिरवलं. धाकट्या भावांनी दारातूनच दोनदा "सावकाश" म्हटलं, तिसऱ्यांदा मात्र न राहवून पुढे आले आणि त्यांनी स्वतः टाकी बसवली. हेडमास्तरांनी बिया दळल्या. सगळ्यांसाठी कॉफी झाली. यजमानांनी एक घोट घेऊन वही मिटली.

हेडमास्तर कप हातात घेऊन भावासमोर उभे राहिले.

"साखर?" त्यांनी विचारलं.

"अर्धा चमचा," धाकटे म्हणाले. "डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय."

"कधी?"

"झालं वर्ष."

"मला सांगितलं नाहीस," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली. "बस. सगळं सांग."