आठव्या दिवसाची लस

धामणगडाच्या पूर्वेकडल्या बुरुजावर उन्हाची पहिली तिरीप पडली, तेव्हा दरीतले धुके पेठेच्या घरांवर पासोडीसारखे अंथरलेले होते आणि त्यातून चुलींचा धूर रोजच्यासारखा वर येत असला, तरी त्या धुराला फोडणीचा वास नव्हता. ज्या घरी देवी येतात त्या घरात फोडणी देत नाहीत, केस विंचरत नाहीत आणि औषधाचे तर नावही काढत नाहीत; पाहुणी आलेल्या मातेचा त्याने अवमान होतो. पंधरा दिवसांपूर्वी चार घरांची फोडणी थांबली होती, आज साऱ्या पेठेची थांबली. किल्लेदाराने महादरवाजाला कडुनिंबाचे डहाळे बांधले, आगळ घातली आणि खाली-वर जाणेयेणे बंद केले. आगळीला माणसे भितात, देवी भीत नाही, हे तटावर उभ्या असलेल्या कोंडाऊला ठाऊक होते.

कोंडाऊ ही गडाच्या धन्याची दूधआई. धनी व्यंकटराव अवघे पाच वर्षांचे, सगळे त्यांना बाबासाहेब म्हणत. त्यांचा जन्म झाला त्याच महिन्यात थोरले सरकार लढाईत पडले, त्या धक्क्याने आईसाहेब द्वारकाबाईंचे दूध आटले, आणि गडकऱ्याची विधवा, कुणब्याची कोंडाऊ, हिने एका अंगाला स्वतःची मंजुळा आणि दुसऱ्या अंगाला दौलतीचा वारस असे दोन जीव एकदम वाढवले. तिच्या तोंडावर देवीचे वण होते. आधीची तीन लेकरे तिने देवीतच मातीआड केली होती. म्हणूनच बंदरावरून अनंत शेणवी नावाचा टोचणारा एका कोळ्याच्या पोराला घेऊन गडावर आला, त्या पोराच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्या पोराच्या दंडात घातली म्हणजे देवी येत नाहीत असे सांगू लागला, आणि गडावरच्या बायका आपापली लेकरे पदराआड ओढून घरात शिरल्या, तेव्हा एकटी कोंडाऊ पुढे झाली. तीन देऊन झाली होती, चौथे द्यायची तिची तयारी नव्हती.

शेणव्याने मंजुळेच्या दंडावर सुईने दोन ओरखडे काढले आणि कोंडाऊला नीट बजावले होते. चौथ्या दिवशी पुटकुळी दिसेल, थोडा ताप येईल, घाबरू नये. खाजवू देऊ नये, हळद लावू नये, कडुनिंबाचा पाला बांधू नये. आठव्या दिवशी फोड मोत्यासारखा टपोरा होईल आणि त्या एका फोडातली लस चार-पाच लेकरांना पुरेल. मात्र ती त्याच दिवशी काढायची, कारण नवव्या दिवसापासून तिचा पू होऊ लागतो आणि त्याचा कुणाला उपयोग नाही.

तो आठवा दिवस आज उजाडला होता. कोंडाऊने आईसाहेबांच्या कानी सगळे आधीच घातले होते, आईसाहेबांचे मन वळले होते, आणि बाबासाहेबांना टोचण्याचा मनसुबा सदरेवर ठरायचा तेवढा उरला होता.

सदरेवर हैबतराव होते. थोरल्या सरकारांचे धाकटे भाऊ, कारभार त्यांच्याच हाती, आणि बाबासाहेबांना काही झाले तर गादीला जवळचा मुलगा म्हणजे त्यांचाच पाच वर्षांचा उदाजी. हे सारा गड जाणून होता, आणि जाणून गप्प होता. हैबतरावांनी टोचण्याला विरोध केला नाही. त्यांनी आईसाहेब बसल्या होत्या त्या चिकाच्या पडद्याकडे वळून, मुजरा करून, अतिशय नम्रपणे एकच शंका काढली.

“वहिनीसाहेब, धन्यांचा जीव आम्हांस आमच्या प्राणांहून प्यारा. उपाय अवश्य व्हावा. परंतु कुणब्याच्या पोरीच्या अंगचे पाणी धन्यांच्या रक्तात मिसळले, तर मुलगा गादीस बाटतो किंवा कसे, इतके शास्त्रीबोवांनी सांगावे, म्हणजे आमचे समाधान होईल.”

भिकंभट शास्त्र्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ ओठ हलवले आणि मुलगा बाटतो असा निर्णय दिला. उपाय कुळातल्या दंडावरून झाला तर दोष नाही, असेही त्यांनी जोडले. पण कुळात टोचलेला एकही दंड नव्हता, हे काही त्यांनी सांगितले नाही.

कोंडाऊला सदरेवर बोलायचा अधिकार नव्हता. ती खांबाआडून पुढे आली आणि बोलली.

“दोन वरसं धन्यांनी माझं दूध पेलं, आईसाब. त्ये बी माझ्याच अंगचं व्हतं.”

पडद्यामागे बांगड्या हलल्या. आईसाहेब बावीस वर्षांच्या होत्या, गादी हीच मुलाची एकुलती ठेव आहे असे पाच वर्षे त्यांच्या मनावर बिंबवले गेले होते, आणि मुलगा जगून गादीला मुकला तर त्याला कोण जगू देईल, हा प्रश्न त्यांना सुईपेक्षा मोठा वाटला. त्यांनी हलक्या आवाजात सांगितले की शास्त्राबाहेर जाता येत नाही. इतके शहाणपण एका ठिकाणी जमले की लेकरांचे मरण ओढवते, तसेच झाले.

दुपार व्हायच्या आत हैबतरावांचे दोन बारगीर कोंडाऊच्या दाराशी आले आणि तिला, मंजुळेला आणि शेणव्याला त्यांच्या वाड्याच्या मागल्या दाराने आत घेऊन गेले. माजघरात उदाजी बाही वर करून बसला होता. मग हैबतरावांनी तिला शांतपणे समजावले की हे या चार भिंतींत राहील, न राहिल्यास मायलेकींचा कडेलोट होईल. तिने मंजुळेला मांडीवर घेतले, कारण पोर दुसऱ्या कुणाकडे जाईना. शेणव्याने फोडाला सुई लावली, पाण्यासारखी निर्मळ लस टोकावर आली आणि कुणब्याच्या पोरीच्या दंडातून हैबतरावांच्या मुलाच्या दंडात गेली. त्या वेळी कुणीच बाटले नाही. उरलेली लस हैबतरावांनी आपल्यासमोर राखेने चोळून पुसायला लावली, आणि शेणव्याला तिथूनच चोरदिंडीने गडाखाली उतरवून दिले.

जाताजाता शेणव्याने मंजुळेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कोंडाऊच्या मुठीत एक सुताचा दोरा सरकवला. लसीत भिजवलेला दोरा त्याने बाहीत लपवला होता. “वाळला की दहांत एखाद्यालाच लागू पडतो, बाये,” तो पुटपुटला. “पण नसण्यापेक्षा बरा.”

धन्याच्या अंगाला शस्त्र लावणे म्हणजे देहदंड. कोंडाऊने त्याचा विचार केला नाही असे नाही. विचार करूनच ती तिसऱ्या प्रहरी बाबासाहेबांच्या महालात गेली, दासीला पाणी आणायला धाडले, आणि नखाएवढ्या सुईने त्यांच्या दंडावर दोन ओरखडे काढून त्यावर दोरा चोळला. बाबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते रडले नाहीत. मंजीलाही असेच केले का, एवढे त्यांनी विचारले. हो म्हटल्यावर त्यांनी दुसरा दंडही पुढे केला.

मग ती दिवस मोजू लागली. रोज न्हाऊ घालताना ती दंड उजेडाकडे धरून बघे. चौथ्या दिवशी पुटकुळी नव्हती. पाचव्या दिवशी नव्हती. सहाव्या दिवशी ओरखडेही भरून आले आणि दंड कोवळ्या केळीसारखा स्वच्छ दिसू लागला. दोरा लागू पडला नव्हता. आठव्या दिवशी उदाजीचा फोड पिकला असणार हे हिशेबाने जाणून ती हैबतरावांच्या मागल्या दाराशी सकाळपासून बसली. लसीचा थेंब द्या, कुळातलाच दंड आहे, शास्त्रीबोवांना चालेल, असे तिने दाराआडच्या माणसाला चारदा सांगितले. दार उघडले नाही. मावळतीला ती उठून परत गेली.

बाराव्या दिवशी बाबासाहेबांना ताप भरला.

महालात देवी आल्या. फोडणी बंद झाली, पायातली पायताणे दाराबाहेर गेली, उशाशी कडुनिंब आणि दहीभात आला, आणि वैद्याला उंबऱ्यावरून परत पाठवले. कोंडाऊला देवी येऊन गेलेल्या, म्हणून ती एकटी आत राहिली. नऊ दिवस तिने त्या लेकराला मांडीवरून खाली ठेवले नाही, कारण अंथरूण टोचे. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हते. ते पाच वर्षांचे बाबासाहेब चाचपडत तिच्या छातीशी तोंड नेत, जसे तान्हेपणी नेत, आणि तिथे आता काही नव्हते. कोंडाऊने आयुष्यात पुष्कळ सोसले होते, पण तेवढे तिला सोसवले नाही. ती मोठ्याने रडली, आणि मातेच्या महालात रडू नये म्हणून दाराबाहेरच्या बायका तिला दटावू लागल्या.

देवीत गेलेल्याला अग्नी देत नाहीत. धामणगडाच्या धन्याला टाक्याजवळच्या निंबाखाली पुरले.

सुतक फिटताच दत्तविधान ठरले. सदरेवर गालिचे पडले, भालदार उभे राहिले, जरीचा अंगरखा घातलेला उदाजी आईसाहेबांच्या मांडीवर बसवायला आणला गेला. शास्त्री संकल्प सांगू लागणार, एवढ्यात कोंडाऊ मंजुळेला हाताशी धरून सदरेच्या मधोमध येऊन उभी राहिली. आपण बोललो की काय होणार हे ती जाणून होती. तिने आधी स्वतःचाच गुन्हा सांगितला: धन्यांच्या अंगाला आपण सुई लावली, चोरून लावली, कडेलोट कबूल आहे. सदर हादरली. हैबतरावांनी तलवारीवर हात नेला आणि हिनेच मुलाला मारले असे ते म्हणत असताना कोंडाऊने आवाज न चढवता पुढचे वाक्य उच्चारले.

“आता उदाजीबाबांची बाही वर करा.”

आईसाहेब पडदा सारून बाहेर आल्या, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने उदाजीची बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा ताजा वण होता. मंजुळेचा दंड शेजारी धरला, त्यावरही तसाच वण होता.

आईसाहेबांनी दोन्ही वणांवरून बोट फिरवले. मग त्या म्हणाल्या, “शास्त्रीबोवा, हा मुलगा गादीस बाटला काय?”

भिकंभटांनी हैबतरावांकडे पाहिले. दौलतीला दुसरा वारस नव्हता. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि सांगितले, “नाही, आईसाहेब. लस म्हणजे औषध. औषधास कूळ नसते. दोष नाही.”

“मग त्या दिशी दोष कुठनं आला व्हता?” कोंडाऊने विचारले.

आईसाहेब खाली बसल्या आणि पदर तोंडाशी धरून, साऱ्या दरबारादेखत, पहिल्यांदाच मुलासाठी रडल्या. रडून झाल्यावर त्यांनी हुकूम दिला: हैबतरावांनी सूर्यास्तापूर्वी गड उतरावा आणि जन्मात पुन्हा चढू नये, शास्त्र्यांनी त्यांच्याबरोबर जावे. मुलाचा अपराध नाही. त्यांनी उदाजीला मांडीवर घेतले, पण त्यांचा हात त्याच्या दंडावरच्या वणाशीच राहिला. कोंडाऊला शिक्षा काय, असे किल्लेदाराने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की तिची शिक्षा भोगून झाली आहे, आपली अजून उरली आहे.

पुढे अनंत शेणव्याला मानाने बोलावणे गेले. महादरवाजाची आगळ निघाली, आणि त्याच दरवाजात गडावरची आणि पेठेतली लेकरे, कोळ्यांची, कुणब्यांची, महारांची, सरदारांची, एका रांगेत बाह्या वर करून बसू लागली. दर आठव्या दिवशी या दंडावरची लस त्या दंडावर जाई. मुलांना धरून बसायचे काम आईसाहेबांनी कोंडाऊकडे दिले होते. पुढच्या हिवाळ्यात पेठेतल्या साऱ्या चुलींना फोडणीचा वास येत होता.

त्या दिवसांत एकदा कोंडाऊ निंबाखालच्या ओट्यावर पाणी घालत होती. मंजुळा शेजारी बसून दंडावरचा वण बोटाने कुरवाळत होती. तिने विचारले, “आये, माझं पानी बाबासायबांस्नी पुरलं न्हाई व्हय गं?”

कोंडाऊने तांब्या खाली ठेवला.

“पुरलं असतं, बाये,” ती म्हणाली. “दोघांस्नी पुरून उरलं असतं.”