वाघदऱ्याच्या घाटात तापलेली पिकअप

पाणी पुरेपूर, पंखा चालू, गळती कुठेच नाही. मग मामाची पिकअप तापते कशाने? वाघदऱ्याच्या घाटात, अर्ध्या चढावर, दुपारी तीन वाजता ऋजुताला दुसरं काही सुचतच नव्हतं. तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता आणि मामाने गाडी कडेला घेतली होती.

घाट संपला की पठार, आणि पठारावर अवकाशतळ. चौदा महिन्यांनी ऋजुताची आई आज चंद्रावरून परतली होती. पाच वाजता तिला विलगीकरणात (तपासण्या पुऱ्या होईपर्यंत माणसाला वेगळं ठेवणं) नेणार होते. त्याआधी घरच्यांना काचेआडून भेटता येणार होतं. ती भेट हुकली तर पुढचे एकवीस दिवस काही नाही. चौदा महिने ऋजुताने कसेबसे काढले होते. जेवताना खिडकीतून चंद्र दिसला की घास घशाखाली उतरायचा नाही, हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आता आणखी एकवीस दिवस तिच्याच्याने निघणार नव्हते.

आईला लांबूनच गाडी ओळखू यावी म्हणून तिने मोठा फ्लेक्स करून घेतला होता. आईचा हसरा फोटो, वर 'आई, आलीस!' आपल्याकडे फ्लेक्सशिवाय कोणाचं स्वागत झालंय का कधी? मामाने तो गाडीच्या तोंडावर, दोन दिव्यांच्या मधोमध, चार पक्क्या गाठी मारून बांधला होता.

"हायड्रोजनवर चालते म्हणून काय झालं, आग ती आगच," मामा घाम पुसत म्हणाला. "इंधन जळणार, इंजिन तापणार. खटपट्या, उतर खाली. नुसता बसून काय राहिलायस?"

खटपट्या म्हणजे मामाच्या गॅरेजमधला यंत्रमानव. कामाला वाघ, पण जेवढं सांगाल तेवढंच बघणारा. हौद्यातून उतरून तो उघड्या बॉनेटमध्ये वाकला. ऋजुताने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तसा मामाने तिचा हात धरला.

"गरम असताना हे उघडायचं नाही, बाळा. आतलं पाणी दाबाखाली आहे. झाकण सैल केलंस तर उकळता फवारा तोंडावर येईल."

"वरची नळी अठ्ठ्याण्णव अंश," खटपट्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांना उष्णता दिसायची. "खालची नळी शहाण्णव अंश."

मामाने भुवया उंचावल्या. "हे बघ ऋजे, शीतक (इंजिनाची उष्णता वाहून नेणारं पाणी) इंजिनात तापतं आणि वरच्या नळीने या रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर म्हणजे पातळ नळ्या आणि पत्र्यांची जाळी. तिथे वारा पाण्याची उष्णता घेऊन जातो, आणि गार झालेलं पाणी खालच्या नळीने परत इंजिनात."

"मग खालची नळी बरीच गार हवी ना?"

"हवीच. इथे पाणी फिरतंय, पण जसं आलं तसंच परत चाललंय. अख्खी चक्कर फुकट. बरं, जाळी चोंदली म्हणावं तर परवाच मी धुतलीय." मामाने घड्याळ पाहिलं आणि तो पुन्हा बॉनेटमध्ये वाकला.

ऋजुताला आईचा फोन आठवला. चंद्रावरून आई म्हणाली होती, "इथे सगळं आहे गं, वारा तेवढा नाही. वारा नसला की उष्णता जागची हलत नाही. आम्ही मोठमोठे पत्रे पसरतो आणि ती किरणांच्या रूपात सोडून देतो. पण त्याला फार वेळ लागतो."

वारा नसला की उष्णता जागची हलत नाही.

ऋजुता गाडीच्या पुढे आली. इंजिन अजून चालूच होतं. पंख्याच्या ओढीने फ्लेक्स जाळीला घट्ट चिकटला होता, इतका की आईचे गाल आत गेले होते.

"मामा, आपण गाडीच्या तोंडावर चंद्र बांधलाय," ती म्हणाली. "वारा आत जातच नाहीये."

मामाने पुढे येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आणि गाठी मीच मारल्या. खटपट्या, तुला दिसला नाही हा?"

"फ्लेक्स इंजिनाचा भाग नाही. म्हणून तपासला नाही."

"शहाणाच आहेस," मामा म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

ऋजुताचा हात गाठीवर थबकला. हाच चेहरा बघून आई आपली गाडी ओळखणार होती. डोळे भरून आले, तरी चारही गाठी तिने स्वतःच सोडल्या. अर्धा तास इंजिन निवू दिलं आणि मग गाडी निघाली. काटा मधोमध आला आणि पठार येईपर्यंत तिथेच राहिला.

तळावर पोहोचले तेव्हा पाच वाजायला सहा मिनिटं होती. मोकळ्या मैदानाच्या कडेला लांबलचक काच, आणि काचेमागे आई. वाळलेली, केस बारीक कापलेली, कानाला फोन लावून वाट बघत असलेली. ऋजुताने बाहेरचा फोन उचलला. मग तिने फ्लेक्स काचेला लावला.

"माझ्या तोंडावर हे वळ कसले गं?" आईने विचारलं.

"जाळीचे. तुझ्यामुळे गाडीला वारा मिळत नव्हता."

आई हसली, पण हसता हसता तिचा आवाज बदलला. "मलाही नाही मिळाला, ऋजू. चौदा महिने. तुझ्या खालोखाल वाऱ्याचीच आठवण यायची. आता या खोलीतही नाही. बाहेर आहे का गं आज?"

ऋजुताने फोन ठेवला आणि मामाला हाक मारली. दोघं मैदानात मागे सरकले. एक टोक तिने धरलं, एक मामाने. पठारावरचा वारा फ्लेक्समध्ये शिरला, आईचा छापील चेहरा फुगला, फडफडला, दोघांच्या हातांना हिसके बसू लागले. काचेमागे आई दोन्ही तळवे टेकवून बघत होती, आणि पाच वाजेपर्यंत ऋजुताने तिला वारा दाखवला.