वर्ग रिकामा

घड्याळसर शाळेत विज्ञान शिकवायचे. नाव पोरांनी ठेवलेलं, आणि चपखल ठेवलेलं. शेवटची घंटा विरायच्या आत सर फाटकाबाहेर असायचे. हे कसं जमायचं, ते फक्त शिपाईमामांना ठाऊक होतं. शाळा सुटल्यावर प्रत्येक वर्गशिक्षकाने वर जाऊन वर्ग बघायचा, 'वर्ग रिकामा' असं छापलेल्या वहीत सही करायची आणि मग मामांनी मजल्याला कुलपं लावायची, असा नियम होता. सर ती सही मधल्या सुट्टीतच उरकून टाकत. दोन जिने पुन्हा कोण चढणार? वर्ग तसाही रिकामा होणारच असतो.

त्या वर्षी संगणकाच्या बाईंनी एक खेळ तयार केला. बाई शाळेत नव्या, अंगात उत्साह मावेना. महिनाभर टेप घेऊन त्यांनी सगळी इमारत मोजली होती आणि पडद्यावर हुबेहूब उभी केली होती. तेच जिने, तोच सैल कठडा, पाण्याच्या टाकीजवळचा तोच गळका नळ. खेळणाऱ्याने वर्गशिक्षक व्हायचं. आगीची घंटा झाली की चौतीस मुलांना दुसऱ्या मजल्यावरून मैदानात आणायचं, मोजायचं आणि वहीत सही करायची.

"धडा वाचून दाखवला की पोरं जांभया देतात, सर," बाई म्हणाल्या. "खेळून बघितलं की डोक्यात बसतं."

सरांना काय, तेवढीच फळ्यापासून एक तास सुटका.

सगळ्यांच्या आधी खेळायला बसली ती वकिलीणबाई. सरांच्या वर्गातली ही मुलगी कुणी काही म्हटलं की 'पण का?' विचारायची, म्हणून पोरांनी तिला हे नाव बहाल केलं होतं. तिने मुलांना रांगेत खाली आणलं, मोजलं आणि सहीचं बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली, 'एक जण अजून वर आहे.'

तिच्यानंतर जे जे खेळले, त्यांचंही तेच झालं. चौतीसपैकी तेहतीस. चौतिसावा सापडेना.

"कुठे घोडं अडलंय कळत नाही," बाई पुटपुटल्या. "आणि ही ओळ मी लिहिलेलीच नाही. मी फक्त 'पुन्हा मोजा' एवढंच लिहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला सर वर्ग घेऊन पुन्हा संगणकाच्या खोलीत आले. बाईंनी घरी बसून सगळं तपासलं होतं, चूक कुठेच मिळाली नव्हती. वकिलीणबाई कानांवर हेडफोन चढवून बसली आणि या वेळी सही न करता पडद्यावरचे जिने उलट चढून वर गेली. सर तिच्या खुर्चीमागे उभे होते. दुसऱ्या मजल्यावरचा लांब व्हरांडा. वर्ग एक, वर्ग दोन, वर्ग तीन. आणि टोकाला एक दार.

"बाई, इथे खोली आहे का?"

"नाही गं. तिथे भिंत आहे. मोडक्या बाकांचा ढीग आहे बघ पुढे."

ती भिंत नव्हती, हे त्या खोलीत एकट्या सरांना माहीत होतं. ढिगामागे दार होतं, भिंतीच्याच रंगात रंगवून टाकलेलं. नकाशांची खोली. एकोणीस वर्षं ती कुणी उघडली नव्हती.

पडद्यावरचं दार उघडलं. गुंडाळलेल्या नकाशांमध्ये एक मुलगी उभी होती. चेहरा बाकीच्या चित्रांसारखाच पुसट. पण बाकीच्यांच्या पायात नाडीचे बूट होते आणि हिच्या पायात पट्ट्याचे. तसले बूट शाळेने कधीच बंद केले होते.

वकिलीणबाईने 'बोला'चं बटण दाबलं. मुलीने ओठांवर बोट ठेवलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा बोट.

"सर, ही बोलत का नाही? अडकलीय, तर ओरडत का नाही?"

 हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, सरांनी पूर्वी एकदा ऐकला होता.

तेव्हा ते नवे नवे मास्तर होते. शेवटच्या तासाला अकरा वर्षांची एक मुलगी हसली, म्हणून त्यांनी तिला नकाशांच्या खोलीत उभं केलं आणि दार ओढून घेतलं. "मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही," असं बजावलं. घंटा झाली आणि सर फाटकाबाहेर. सही दुपारीच झाली होती. मामांनी कुलपं लावली. आईवडिलांनी रात्रभर गाव पालथं घातलं, पण शाळेत कुणी शोधलं नाही, कारण वहीत वर्ग रिकामा होता. सकाळी झाडूवाल्या मावशींना ती सापडली. तशीच उभी.

मोठ्या बाईंच्या खोलीत तिचे वडील हात बांधून उभे होते. सर म्हणाले, "वर्ग मी स्वतः बघितला होता. सही आहे ना माझी? लपून बसली असेल." मोठ्या बाईंनी तिला विचारलं, "अडकली होतीस, तर ओरडली का नाहीस?" ती काही बोलली नाही. नुसती सरांकडे बघत राहिली. ती कशाची वाट बघतेय ते सरांना नेमकं कळलं होतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

ती खोटारडी ठरली. महिन्याभरात तिचं नाव शाळेतून काढलं गेलं. महिनाभर सर रोज संध्याकाळी दोन जिने चढले, आणि मग पुन्हा दुपारीच सही करू लागले. बायकोलाही त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, नाही असं नाही. पण ती एकट्यानेच बाळगायची लाज होती, कुणाला तिचा त्रास नव्हता.

"सर, पण का?" वकिलीणबाई अजून विचारत होती. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

"गप्प बस," सर म्हणाले. "मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं. वकिलीणबाईने मुकाट्याने ओठ मिटले.

ते तिच्या खांद्यावरून वाकले आणि माऊस स्वतःच्या हातात घेतला. पडद्यावर दोनच बटणं होती, 'बोला' आणि 'सही'. त्यांना एकच हवं होतं, हे सगळ्यांसमोरून जावं. त्यांनी 'सही' दाबलं. कालपासून सगळ्यांना नाही म्हणणाऱ्या खेळाने त्यांची सही लगेच घेतली.

'चौतीसपैकी चौतीस. वर्ग रिकामा.'

"वा, सर," बाई हसल्या. "तुमच्या सहीला वजन आहे."

घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून पळाली. सर मात्र या खेपेला फाटकाकडे गेले नाहीत. समोरच्या खुर्चीवर हेडफोन पडले होते. खाली एक दप्तर तसंच होतं.

मैदानात त्यांनी वर्ग थांबवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोट लावून मोजला. तेहतीस. पुन्हा मोजला. तेहतीस.

"वकिलीणबाई कुठाय?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. "ती तुमच्यापाशीच होती, सर," एक जण म्हणाला.

सर दोन जिने चढले. व्हरांड्यात दुपारचं उतरतं ऊन होतं, जुन्या लाकडाचा वास होता. बाकांच्या ढिगातून अंग आकसून ते दारापर्यंत पोचले. कुलपावर रंगाचे थर होते. कुणी हात लावल्याची खूण नव्हती.

त्यांनी दाराला कान लावला. आतून काही आवाज नव्हता.

ते गुडघ्यांवर बसले आणि दाराखालच्या फटीतून बघितलं.

आत बुटांच्या दोन जोड्या होत्या. एक पट्ट्याची, एक नाडीची. दाराकडे तोंड करून, शेजारी शेजारी, शिस्तीत उभ्या.

मागे किल्ल्यांचा जुडगा वाजला. शिपाईमामा वही घेऊन उभे होते. आता ते वयाने पार थकले होते.

"सर, तुम्ही अजून वर? सही तर दुपारीच झालीय."

"मामा, ती सही खोटी आहे." सरांना वर बघवेना. "आजची खोटी आहे. तेव्हाचीही खोटी होती. मीच तिला आत उभं केलं होतं. ओरडू नको म्हणून मीच सांगितलं होतं."

मामांनी वही जमिनीवर ठेवली.

"मला वाटायचं, कुलपं लावण्याआधी मी एक हाक मारायला हवी होती," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं वाटतंय मला."

सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं आणि फटीशी तोंड नेलं.

"बाळांनो," ते म्हणाले, "चूक माझी होती. मी सगळ्यांना सांगेन. बोला आता. मी सांगतोय ना, बोला. बाहेर या दोघी."

त्यांनी फटीला पुन्हा डोळा लावला.

मग पट्ट्याचे बूट एक पाऊल मागे सरकले. नाडीचे बूट क्षणभर जागीच थांबले, आणि तेही मागे सरकले.