गुरुवारची वीस नामं

त्या खोलीत आठ बाकं होती, पंधरा माणसं होती आणि एकच जागा रिकामी होती. रक्ताचे नमुने उरकता उरकता तिला उशीर झाला होता. त्यामुळे मोठ्यांच्या त्या इंग्रजीच्या वर्गात पहिल्या संध्याकाळी ती जिथे बसली, ती जागा काही तिने निवडलेली नव्हती. शेजारी एक सुतार होता. बाहीला भुसा चिकटलेला, अंगाला ताज्या लाकडाचा वास... आज इतक्या वर्षांनीही कुठे रंधा फिरताना ऐकला की तिचे हात क्षणभर थांबतात.

दर गुरुवारी बाई वीस नामं सांगायच्या. पेन्सिलीने त्यांची अनेकवचनं लिहायची, शेजाऱ्याशी वही बदलायची आणि एकमेकांचे गुण मोजायचे. ती त्याला मिस्त्री म्हणायची, तो तिला डॉक्टरीणबाई. आपण डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत पेशी मोजतो, हे तिने तीनदा समजावलं. चौथ्यांदा राहू दिलं. इंग्रजीत फर्निचर एक असो की दहा, शब्द तोच, ते मोजत नाहीत, हे कळलं तेव्हा तो खुदकन हसला होता. म्हणाला, ‘‘दिवसभर राबून मी जे बनवतो, ते मोजतच नाहीत म्हणे. गिऱ्हाइकाच्या कानावर जायला नको.’’

घरी ताईने विचारलंच, गुरुवारीच केस इतके निगुतीने का विंचरतेस? तिने अभ्यासाचं नाव पुढे केलं.

मग बाईंनी सांगितलं की पुढच्या गुरुवारी ज्याला पंधरा मिळतील तो सोमवारपासून वरच्या वर्गात जाईल, बाकीचे इथेच राहतील. त्याला नेहमी अठराच्या वर, तिला बारा-तेरा. तो जाणार हे ठरलेलंच. आठ दिवस तिने सूक्ष्मदर्शकाशेजारी यादी ठेवून घोकंपट्टी केली.

त्या गुरुवारी वह्या बदलल्या आणि ती चक्रावली. दात, उंदीर, मुलं – सगळं नीट. पण पुढे फर्निचर्स, लगेजेस... सात चुका.

‘‘मिस्त्री, हे तुम्हाला येतं.’’

‘‘येतं.’’

‘‘मग?’’

तो तिच्या वहीकडे बघत होता. ‘‘तुम्ही इथेच राहणार असं वाटलं, म्हणून मीही... पण तुमचे तर अठरा बरोबर आहेत.’’

‘‘मग ते कोणासाठी पाठ केले असतील?’’ ती पुटपुटली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

 त्याच्या हातातली पेन्सिल बाकाखाली गडगडत गेली.

एकदा लिहिलेला आकडा बदलायचा नाही, हा तिच्या प्रयोगशाळेचा नियम. पण तिने तो अजून लिहिला कुठे होता? बाई तिसऱ्या बाकापाशी होत्या, यांचं सहावं. तिने त्याची वही हळूच त्याच्याकडे सरकवली, वर आपला खोडरबर आणि पेन्सिल ठेवली.

‘‘लवकर,’’ ती म्हणाली. ‘‘मला सोमवारीही शेजारी हेच माणूस हवंय.’’

तो मान खाली घालून खोडू लागला. त्याचं कोपर तिच्या कोपराला टेकलं, आणि दोघांपैकी कोणीही ते काढून घेतलं नाही.

बाई आल्या, त्यांनी गुण वाचले. तिला अठरा. त्याला एकोणीस.