चौथ्या स्कूटरवर

इदरीस माझा शेजारी. जव्हारला एसटी डेपोच्या मागे त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी डेपोत कारकून, त्यामुळे संध्याकाळचा चहा रोज एकत्र. हे त्यानेच मला सांगितलं. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलंय. भावेश, तुला अशा गोष्टी ऐकून हसू येतं; हसायचं तर आत्ताच हसून घे.

सन दोन हजार तीन. सोळा नोव्हेंबर, रविवार. ठाण्याहून तीन माणसं आली होती, एक नवरा-बायको आणि त्यांची मैत्रीण नीता. नीताने परदेशात कुठल्याशा मोठ्या शहरात पाहिलं होतं. एकेकाला एक स्कूटर देतात, माहीतगार पुढे, पाहुणे मागे, असं सगळं शहर फिरवतात. "तसं आम्हाला इथलं दाखवाल?" तिने इदरीसला विचारलं. त्याच्याकडे चार जुन्या गाड्या होत्या, बिनगिअरच्या. गडी खूश झाला.

सकाळी राजवाडा दाखवला, बाजार दाखवला. दुपारी दाभोशाचा धबधबा. तिथे पाहुणे रेंगाळले आणि निघता निघता सव्वासहा झाले. अंधारा पंधरवडा. इदरीसने बजावलं, "माझा लाल दिवा सोडायचा नाही. थांबायचं असेल तर हॉर्न द्या." तो पुढे, मग नवरा-बायको, शेवटी नीता. आरशात मागचे तीन दिवे मोजत तो सावकाश चालला.

सात वाजायच्या सुमारास आरशात दोनच दिवे दिसले.

तो थांबला. नवरा-बायको येऊन पोचले.

"नीताताई?"

"मागेच होती," नवरा म्हणाला. "बोलत होती तुमच्या माणसाशी."

"कुठला माणूस?"

"तिच्या मागे बसला होता तो…"

इदरीस एकटाच आला होता.

दोघांना तिथेच थांबवून तो मागे फिरला. अर्ध्या मैलावर नदीकडे उतरणारी जुनी बैलगाडीची वाट आहे. खाली एक दिवा होता. हलत नव्हता.

तो चालत उतरला. नीता गाडीवर बसलेली. इंजिन चालू. पुढचं चाक कड्याच्या दगडाला टेकलेलं. त्यापुढे जमीन नव्हती. खाली पाणी.

"जरा थांबा, इदरीसभाई," ती वळून न बघताच म्हणाली. "काका त्यांचं घर दाखवतायत."

"कोण काका?"

"हे काय…"

मागची सीट रिकामी होती. पण नीता अगदी पुढे सरकून बसली होती. मागच्याला जागा करून.

"म्हणतायत, अजून थोडं पुढे घे. उतार सोपा आहे."

तिची मूठ वळायला लागली. इदरीसने हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद. दिवा बंद.

काळोख. पाणी. आणि कुणाचा तरी श्वास… तिचा नव्हे. ती त्याच्या उजवीकडे होती. श्वास डावीकडे.

त्याने तिला खाली उतरवलं. गाडी मागे ओढली, फिरवली, ढकलत चढाला लावली. रिकामी गाडी. पण इतकी जड, की चार पावलांवर त्याला थांबावं लागलं. मागे बघायची हिंमत झाली नाही.

रस्त्याला लागल्यावर ती गाडी कडेला कुलूप लावून सोडली. नीताला आपल्या मागे बसवलं, पुढे थांबलेल्या नवरा-बायकोला घेतलं. जव्हारचे दिवे दिसले. मग नीता हळूच म्हणाली,

"काकांना तिथेच सोडलं?"



ती माणसं पहाटेच्या पहिल्या एसटीने ठाण्याला गेली. इदरीसने पुन्हा कुणाला फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मला ती स्कूटर आणायला घेऊन गेला. सूर्य वर आला नव्हता. दव इतकं पडलेलं की गवत पांढरं दिसत होतं. गाडी तिथेच उभी. हँडल ओलं, आरसा ओला, सीटचा पुढचा भाग ओलाचिंब.

मागचा भाग कोरडा होता. एक माणूस बसेल, तेवढाच.

मी हात लावून बघितला…

गरम होता.