वज्राचा जोर आणि विहिरीची फरशी

"वज्रानं एवढं दगडी दार उघडलं! दहा हत्तींचा जोर हाय गड्यात!" करणनं मोबाईल अल्मासच्या नाकाशी धरला.

अल्माससारखी चिवट पोरगी अख्ख्या पारनेर तालुक्यात सापडायची नाही. तिनं गेममधला तो भाग पुन्हा पाहिला आणि मान हलवली. दाराची एक कड जमिनीला टेकलेली होती, म्हणजे निम्मं वजन जमिनीनंच पेललं होतं. शिवाय वज्रानं फटीत भाला घालून दार उचकटलं होतं. एवढा लांब दांडा असल्यावर जोर तो किती लागणार? दहा हत्तींचा वज्रा एका बैलावर आला.

एरवी करण भांडला असता. पण सुट्टीतली मजाच गेली होती. त्यांच्या मैत्रिणीचा, पूजाचा, धाकटा भाऊ ओम बंद विहिरीत पडला होता आणि नगरच्या दवाखान्यात अजून शुद्धीवर आला नव्हता. विहिरीवरची जाड फरशी कुणीतरी उघडून तशीच टाकली होती. चार माणसांनी उचलायची फरशी एकट्यानं कोण उघडणार? यात्रेत देवळापुढची दगडी गोटी, म्हणजे तो अवजड गोल धोंडा, उचलून खांद्यावर घेणारा गावात एकच, करणचा सहादेवकाका. झालं, गावानं ठरवून टाकलं! संध्याकाळी पोलीस त्याला न्यायला येणार होते. काकाचं कुणी ऐकलंच नाही.

अल्मास थबकली. "करण, ती फरशीपन एका कडेनंच उघडली आसंल."

दोघं पूजाकडे गेली. ती करणशी बोलत नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि घरातली पहार आणून दिली.

संध्याकाळी सहादेवकाकाला घेऊन पोलीस विहिरीपाशी आले, गाव जमलं. मोठ्यांनी पोरांना हाकललं, तेव्हा पूजा म्हणाली, "भाऊ माझा पडलाय. मला बघायचंय."

लोक बाजूला सरकले. अल्मासनं विहिरीवर पुन्हा बसवलेल्या फरशीखाली पहार घातली, पहारीखाली दगड ठेवला आणि दाबलं. पहार सटकली. लोक हसले. पुन्हा सटकली. शेजारच्या शेतातल्या भागवतला काही राहवेना.

"अगं, तिथं न्हाई! कोपऱ्यात खालनं खाच हाय, तिथं घाल."

अल्मासनं चिखल उकरला. खाच होती. फरशी करकरत वर आली, पण तिच्याकडे कुणी पाहतच नव्हतं. सगळे भागवतकडे पाहत होते. चिखलाखालची खाच त्याला कशी ठाऊक?

शेवटी त्यानं कबूल केलं: त्यानं चोरून मोटर लावून त्या विहिरीचं पाणी कांद्याला दिलं होतं. मध्येच लाइट गेली, म्हणून विहीर उघडी टाकून तो जेवायला गेला होता.

"पोरींनो, आमची अक्कल कुठं गेल्ती?" म्हणत सरपंच मुक्ताबाईंनी अल्मासची पाठ थोपटली. मग त्या सहादेवकडे वळल्या. यंदाही गोटी तूच उचलायची, म्हणाल्या.

"आता तुमीच उचला," काका म्हणाला आणि घराकडे निघाला.

पूजा त्याच्यामागे धावली. "काका, मलापन तुमीच वाटला हुता. उद्या ओमला बघायला येता का माझ्यासंगं?"

सहादेवकाका रस्त्यातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.