तानुबाईची फाइल

एकोणनव्वद सालची गोष्ट. कोळवणातल्या एका संस्थेत जात्यावरच्या ओव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत, आणि ते यंत्र चालवायची चंद्रकला. गावच्या बौद्ध वस्तीतली पहिली पदवीधर पोर, मान ताठ ठेवून चालायची, आणि का चालू नये? काळ्या पडद्यावर तिनं एक हुकूम टाइप केला की सूचीतल्या साऱ्या फाइली हजर होत. गाणारणीचं नाव, ओळी किती, शेवटचा हात कधी लागला, सगळं.

त्या दुपारी पुण्याहून संस्थेचे साहेब तपासणीला यायचे होते. त्यांच्या छापील प्रतीशी सूची जुळली नाही, तर यंत्र पुण्याला हलवू, असं त्यांनी बजावलं होतं. डबा घेऊन आलेल्या आईला, गोजराबाईला, जिच्या ओव्यांचीही एक फाइल होती, शेजारी बसवून चंद्रकलेनं ऐटीत हुकूम दिला.

तानुबाईच्या फाइलीवर आजची तारीख होती. ओळी दोन जास्त.

वरच्या वाडीची तानुबाई दिवाळीतच वारली होती, आणि तेव्हापासून त्या फाइलीला कुणी हात लावला नव्हता. खोलीत कोमट, ताज्या पिठाचा वास पसरला. तिनं फाइल उघडली. शेवटी चंद्रकलेनंच लिहिलेलं 'समाप्त', आणि त्याच्या खाली... तिनं आईला वाचून दाखवलं.

"माज्या गं ओव्यांचं काचेमंदी घर,
चंद्रकले बाई, दार उघडं धर."

गोजराबाई पडद्याकडे वाकली. "समाप्त कुनी लिवलं?"

"मीच... सगळ्यांच्याच शेवटी लिहिते."

"अगं, दळान संपलं म्हनत न्हाईत. जात्यात चार दाणं ठिवूनच उठत्यात..."

बाहेर जीप थांबली. दोन ओळी पुसल्या की सूची जुळणार होती. चंद्रकलेचं बोट पुसायच्या कळीवर गेलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. तिनं 'समाप्त' तेवढं पुसलं.

साहेबांनी प्रत ताडून पाहिली. "ह्या ओळी कुणाच्या?"

"तानुबाईंच्या. काढायच्या तर तुम्ही काढा, साहेब. मी नाही काढणार."

साहेबांनी हात पुढे केला. पिठाचा वास दाटला. हात तसाच मागे आला.

"राहू दे..." ते हळूच म्हणाले. "यंत्रही इथंच राहू दे."

चंद्रकलेचा ऊर अभिमानानं भरून आला. जीप गेल्यावर, आईला दाखवायला म्हणून, तिनं पुन्हा हुकूम दिला. तानुबाईची फाइल आता गप होती. पण गोजराबाईच्या नावापुढं एक ओळ वाढली होती. पुन्हा हुकूम, पुन्हा एक ओळ.

"आई...?"

गोजराबाई भिंतीला टेकून, मिटल्या ओठांनी, रिकाम्या फरशीवर, जात्याचा खुंटा धरल्यागत, मूठ गोल गोल फिरवत होती.